दृष्टीआड सृष्टी : अमेरिकेतील लॅटिनो वस्त्या आणि एचआयव्ही प्रतिबंध

प्रशासनाच्या परिभाषेत काही शब्द असे असतात की ते वाचले म्हणजे विषयापेक्षा लिहिणाऱ्याच्या खुर्चीची जागाच अधिक कळते. ‘पोहोचण्यास कठीण असा लोकसमूह’ हा त्यांपैकी एक. कठीण कोणाला? त्या वस्तीतल्या किराणा दुकानदाराला तो समूह कठीण वाटत नाही, केस कापणाऱ्याला नाही, चर्चच्या पाद्र्याला नाही. तो कठीण असतो फक्त खात्याला. अमेरिकेतील एचआयव्ही प्रतिबंधाच्या कागदपत्रांत हा शब्दप्रयोग स्पॅनिश भाषक लॅटिनो समाजासाठी वर्षानुवर्षे वापरला गेला, आणि त्याच वर्षांत त्या समाजातून पुढे आलेली काही माणसे रोज त्याच लोकांपर्यंत पोहोचत होती. त्यांचा इतिहास आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. प्रशासनाच्या विद्यार्थ्याने तो अवश्य पाहावा असे मला वाटते.

प्रथम मोजणीविषयी, कारण सरकारी लक्ष मोजणीपासून सुरू होते. ‘हिस्पॅनिक’ ही अमेरिकन सरकारी वर्गवारी तशी अलीकडची. स्पॅनिश मूळ असलेल्या नागरिकांची आकडेवारी गोळा करावी असा कायदा १९७६ साली झाला, १९७७ साली अर्थसंकल्प कार्यालयाने आपल्या १५ क्रमांकाच्या निर्देशाने सर्व खात्यांसाठी ती वर्गवारी ठरवून दिली, आणि १९८०च्या जनगणनेत तो प्रश्न प्रथमच प्रत्येक घराला विचारला गेला. पुढच्याच वर्षी, ५ जून १९८१ रोजी, रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद आली. म्हणजे साथ आली तेव्हा रकाना तयार होता. तरीही त्या रकान्याकडे नीट पाहायला पाच वर्षे लागली. ऑक्टोबर १९८६ मध्ये त्याच साप्ताहिकाने आकडे मांडले : देशातील एड्सच्या रुग्णांत कृष्णवर्णीय २५ टक्के व हिस्पॅनिक १४ टक्के होते, आणि लोकसंख्येत त्यांचे प्रमाण अनुक्रमे १२ आणि ६ टक्के होते. वृत्तपत्रांतून तोवर हा गोऱ्या समलिंगी पुरुषांचा आजार म्हणून रंगवला गेला होता.

वर्गवारीने प्रश्न दिसू लागला हे खरे, पण तिने बरेच झाकलेही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधील प्वेर्तो रिकन माणूस, लॉस एंजेलिसच्या कारखान्यातला मेक्सिकन कामगार आणि मायामीतील क्यूबन व्यापारी एकाच रकान्यात बसत होते. पहिला जन्माने अमेरिकन नागरिक, कारण प्वेर्तो रिकोच्या लोकांना १९१७ पासून नागरिकत्व आहे; दुसऱ्याकडे कदाचित कागदच नाहीत; तिसरा राजकीय निर्वासित म्हणून सन्मानाने आत घेतलेला. ईशान्येकडील शहरांत संसर्ग मुख्यतः अमली पदार्थांच्या सुयांतून पसरत होता, कॅलिफोर्नियात मुख्यतः पुरुषांच्या परस्पर संबंधांतून. ‘महाराष्ट्राबाहेरील मराठी माणूस’ अशी एखादी योजना दिल्लीत आखली आणि बडोद्याचे सरदार घराणे, तंजावरचे मराठे व सुरतेचे यंत्रमाग कामगार यांना एकच पत्रक पाठवले, तर जे होईल तेच तेथे होत होते.

पत्रकाचा प्रश्न भाषेचाही होता. स्पॅनिशमध्ये एड्सला ‘सीदा’ म्हणतात. केवळ नाव बदलून भागणार नव्हते, कारण इंग्रजी पत्रकात जो वाचक गृहीत धरला होता, तो स्वतःला ‘गे’ म्हणवणारा, एकटा राहणारा, आपले निर्णय आपण घेणारा असा होता. लॅटिनो वस्तीत पुरुषाशी संबंध ठेवणारा पुरुष बहुधा विवाहित असे, आईवडिलांबरोबर राहात असे, आणि ‘गे’ हा शब्द आपल्यासाठी नाहीच असे मानत असे. धोका कोणाला आहे हे सांगताना जर नावच चुकीचे घेतले, तर ज्याला सांगायचे तो मान वळवून पुढे जातो.

यावर उपाय शोधले ते खात्याने नव्हे, तर वस्तीतल्या लोकांनी. न्यूयॉर्कमध्ये १९८५ साली लॅटिनो आरोग्य व समाजसेवा क्षेत्रातील काही मंडळींनी हिस्पॅनिक एड्स फोरम स्थापन केला. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन वस्तीतील ‘इन्स्तितुतो फामिलियार दे ला रासा’ या संस्थेच्या लॅटिनो एड्स प्रकल्पाने १९८७ साली एक चित्रपट काढला. त्याची मांडणी टेलिनोव्हेलाची, म्हणजे आपल्याकडच्या कौटुंबिक मालिकेसारखी. नाव होते ‘ओखोस के नो बेन’, ‘जे डोळे पाहात नाहीत’. स्पॅनिशमधील एका म्हणीचा हा पूर्वार्ध. डोळ्यांना दिसत नाही ते मनाला खुपत नाही, असा तिचा आशय. आपली ‘दृष्टीआड सृष्टी’ तिच्या अगदी जवळची. घरात सगळ्यांना ठाऊक असते आणि कोणीच बोलत नाही, ही गोष्ट ज्या समाजाला म्हणीसकट परिचित, त्याला रोगाणूची आकृती दाखवण्यापेक्षा एका घराची कथा दाखवणे शहाणपणाचे होते.

न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याला श्रेय दिले पाहिजे की त्याने ही युक्ती लवकर उचलली. १९८९ पासून भुयारी रेल्वेच्या डब्यांत, जाहिरातींच्या जागी, हुलियो आणि मारिसोल या जोडप्याची चित्रकथा इंग्रजी व स्पॅनिशमध्ये क्रमशः लागू लागली. कंडोमशिवाय मी जवळ येणार नाही, असे मारिसोल सांगते, हुलियो रुसतो, आणि पुढे काय होते यासाठी प्रवासी पुढच्या भागाची वाट पाहतात. १९९७ पर्यंत ही कथा चालली. सरकारी प्रचारसाहित्याची लोकांनी वाट पाहावी, असे भाग्य फार थोड्या खात्यांच्या वाट्याला येते.

मात्र राष्ट्रीय पातळीवर वारे उलटे होते. ऑक्टोबर १९८७ मध्ये सिनेटर जेसी हेल्म्स यांनी दुरुस्ती मांडली की, समलैंगिक संबंधांना उत्तेजन देणाऱ्या एड्सविषयक साहित्यावर केंद्राचा पैसा खर्च होऊ नये. सिनेटमध्ये ती ९४ विरुद्ध २ मतांनी संमत झाली. उत्तेजन कशाला म्हणायचे हे ठरवणे अर्थात खालच्या अधिकाऱ्यांकडे आले, आणि अशा वेळी खालचा अधिकारी काय करतो हे मला ठाऊक आहे : तो ज्या शब्दावर कोणी बोट ठेवू शकणार नाही, असाच शब्द वापरतो. अनुदानित पत्रके स्थानिक समित्यांकडून तपासून घेण्याची पद्धत होतीच. परिणामी ज्यांना स्पष्ट सांगणे आवश्यक होते, त्यांनाच अस्पष्ट भाषा मिळाली.

सुयांची हकिगत याहून उद्बोधक आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये सुईने अमली पदार्थ घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांना एचआयव्हीची लागण झालेली होती. राज्याच्या कायद्याप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय सुई बाळगणे हा गुन्हा, त्यामुळे तीच सुई हातोहात फिरे. योलांदा सेरानो या बाईंच्या नेतृत्वाखालील ‘अ‍ॅडॅप्ट’ या ब्रुकलिनमधील संस्थेचे कार्यकर्ते, त्यांत पूर्वी स्वतः व्यसनात असलेले बरेच, पडक्या इमारतींतील अड्ड्यांवर जाऊन सुया धुण्यासाठी ब्लीच आणि त्याबरोबर कंडोम वाटत. १९८८च्या आरंभी सेरानोबाईंनी जाहीर केले की, परवानगी मिळो न मिळो, आम्ही निर्जंतुक सुया वाटणार. कायदा मोडण्याच्या या जाहीर धमकीनंतर राज्याने शहराला प्रायोगिक तत्त्वावर सुया बदलून देण्याची मुभा दिली.

आता पुढचे पाहा. ज्या वस्त्यांत केंद्रे काढायची, तेथील रहिवाशांनी हरकत घेतली. अखेर नोव्हेंबर १९८८ मध्ये केंद्र उघडले ते दक्षिण मॅनहॅटनमध्ये, आरोग्य खात्याच्या मुख्य कार्यालयाच्या इमारतीत, न्यायालये आणि पोलीस यांच्या शेजारी! ब्राँक्समधल्या व्यसनी माणसाने वापरलेली सुई खिशात घालून, भुयारी रेल्वेने शहराच्या दुसऱ्या टोकाला, कचेऱ्यांच्या गर्दीत यावे आणि ती बदलून घ्यावी अशी ही योजना होती. अर्थातच फारसे कोणी आले नाही. विरोधकांनी म्हटले, पाहा, मागणीच नाही. १९९० साली नवे महापौर डेव्हिड डिंकिन्स यांनी प्रयोग बंद केला. अर्थशास्त्रात आम्हांला शिकवले होते की वस्तूची किंमत म्हणजे केवळ पैसे नव्हेत. वेळ, भीती आणि अप्रतिष्ठा यांचीही किंमत मोजावी लागते. ती धरली असती तर मागणी नाही असा निष्कर्ष कोणी काढला नसता.

डिंकिन्स यांची बाजूही नोंदली पाहिजे. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो नेत्यांपैकी अनेकांचे म्हणणे होते की, आमच्या मुलांना उपचार हवेत, व्यसनमुक्ती केंद्रांत जागा हव्यात, आणि सरकार स्वस्तात सुया देऊन मोकळे होऊ पाहते. हा संशय निराधार नव्हता. उपचारांच्या जागा खरोखरच अपुऱ्या होत्या. पण दरम्यान माणसे मरत होती. १९९० साली जॉइस रिव्हेरा यांनी दक्षिण ब्राँक्समध्ये ‘सेंट अ‍ॅन्स कॉर्नर’ नावाने, वस्तीतच, कायद्याकडे दुर्लक्ष करून सुया बदलून देण्याचे काम सुरू केले. त्याच वर्षी शेजारच्या कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे एक मोटार फिरू लागली. येल विद्यापीठाचे एडवर्ड कॅप्लन यांनी तेथे एक कल्पक गोष्ट केली : माणसांना प्रश्न विचारण्याऐवजी त्यांनी सुयांचीच नोंद ठेवली. प्रत्येक सुईला सांकेतिक क्रमांक, परत आलेल्या सुईची तपासणी, आणि त्यावरून गणित. नव्या संसर्गाचा वेग सुमारे एक तृतीयांशाने घटतो, असा त्यांचा १९९१चा अंदाज होता. १९९२ साली न्यूयॉर्क राज्याने अशा केंद्रांना कायद्यातून सूट दिली आणि डिंकिन्स यांनीही मत बदलले. पुढील दशकभरात शहरातील सुई वापरणाऱ्यांमधील लागणीचे प्रमाण फार मोठ्या प्रमाणात उतरले. केंद्राचा पैसा मात्र सुयांसाठी वापरण्यास १९८८ पासून बंदी होती. ती २००९ साली उठली, दोनच वर्षांत परत आली, आणि पुढे अंशतः सैल झाली तरी खुद्द सुईची खरेदी वर्ज्यच राहिली. गाडीचे इंधन सरकारचे, चालकाचा पगार सरकारचा, सुई मात्र दुसऱ्या खात्यावर. आपल्या लेखापरीक्षकांना हे वाचून घरी आल्यासारखे वाटेल.

सॅन फ्रान्सिस्कोत १९९३ साली सुरू झालेला ‘प्रोयेक्तो कोन्त्रासीदा पोर बीदा’ हा याच इतिहासातला वेगळ्या चालीचा प्रयोग. येथे छायाचित्रणाचे, लेखनाचे, रंगभूषेचे वर्ग चालत. स्त्रिया, समलिंगी पुरुष, पारलिंगी व्यक्ती सगळ्यांना दार उघडे. अनुदान देणाऱ्याला प्रश्न पडे की, रंगभूषेचा आणि एचआयव्हीचा काय संबंध? त्यांचे उत्तर असे की, ज्याला आपले आयुष्य जपण्याजोगे वाटत नाही, त्याला कंडोम देऊन उपयोग नाही. क्यूबातून १९८०च्या मारिएल लोंढ्यात बोटीने आलेल्या आदेला वास्केस या पारलिंगी कार्यकर्तीचे नाव या कामाशी जोडलेले आहे. त्यांच्या जीवनावर हाइमे कोर्तेस यांनी काढलेले ‘सेक्सिलिओ’ हे द्वैभाषिक चित्रपुस्तक २००४ साली एचआयव्ही प्रतिबंधाचे साहित्य म्हणूनच प्रसिद्ध झाले. त्याच मारिएल लोंढ्यातून आठ वर्षांचा पेद्रो सामोरा आला होता. सतराव्या वर्षी लागण कळली. मग त्याने शाळाशाळांतून व्याख्याने दिली, १९९३ साली काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली, १९९४ साली दूरचित्रवाणीवरील एका मालिकेतून तो घराघरांत पोहोचला आणि त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला, वयाच्या अवघ्या बावीसाव्या वर्षी गेला. त्याची कीर्ती झाली, ते योग्यच. बहुतेक कार्यकर्त्यांची झाली नाही.

त्यांतले डेनिस डिलिऑन हे मला विशेष वाटतात, कारण ते आपल्याच जातकुळीचे, म्हणजे सरकारी अधिकारी. डिंकिन्स यांच्या कारकिर्दीत ते न्यूयॉर्कचे मानवी हक्क आयुक्त होते. १९९३ साली त्यांनी वृत्तपत्रात लेख लिहून आपल्याला एचआयव्ही असल्याचे जाहीर केले. पुढील वर्षी त्यांनी लॅटिनो एड्स आयोगाची धुरा घेतली. नाव आयोग असले तरी ही १९९० साली स्थापन झालेली बिनसरकारी संस्था. २००९ साली मृत्यू येईपर्यंत ते तेथे होते. चर्चच्या मंडळींशी बोलणी, नगरपालिकेशी भांडण, लहान संस्थांना अर्ज भरायला शिकवणे, असे ते काम. १५ ऑक्टोबर हा राष्ट्रीय लॅटिनो एड्स जागृती दिन २००३ पासून पाळला जाऊ लागला, त्यामागे हीच मंडळी होती.

अर्ज भरायला शिकवणे हे वाटते तितके किरकोळ नाही. १९९९च्या अर्थसंकल्पात अल्पसंख्याकांसाठी एड्स निधी म्हणून १५ कोटी ६० लाख डॉलर्स वेगळे काढले गेले आणि पैशाबरोबर मोजपट्टीही आली. २०००च्या दशकात रोगनियंत्रण केंद्राने ज्यांची परिणामकारकता शास्त्रीय चाचणीत सिद्ध झाली आहे, असे कार्यक्रम तयार संचांच्या रूपात संस्थांना देण्यास सुरुवात केली. आधार उत्तम होता. ‘कुईदाते’ या लॅटिनो किशोरांसाठीच्या कार्यक्रमाची फिलाडेल्फियात ५५३ मुलामुलींवर रीतसर चाचणी झाली, २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि त्यात कुटुंबनिष्ठेसारखी त्या समाजाची मूल्ये अभ्यासक्रमातच विणलेली होती. मोजमापाला माझा विरोध नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तो करूच नये. पण मोजता येते तेवढेच काम, असे ठरले की रंगभूषेचा वर्ग प्रथम जातो. प्रोयेक्तो २००५ साली बंद पडला. दरम्यान राफाएल दियास व त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क, मायामी व लॉस एंजेलिस येथील ९१२ लॅटिनो समलिंगी व उभयलिंगी पुरुषांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध केला होता. वंशभेद, समलिंगी म्हणून झालेली अवहेलना आणि दारिद्र्य यांचा मनाच्या दुर्बलतेशी थेट संबंध त्यात दाखवला होता. म्हणजे प्रोयेक्तोवाले जे अंदाजाने सांगत होते, त्यालाही आकड्यांचा आधार होता. फक्त तो संचात बसणारा नव्हता.

आता सर्वांत अवघड भाग. एकाच सरकारचे दोन हात परस्परविरोधी काम करतात, हे आपण पुष्कळदा पाहतो, पण इतके स्पष्ट उदाहरण विरळा. १९८६च्या कायद्याने कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांना कायदेशीर होण्याची संधी दिली. सुमारे २७ लाख लोकांना तिचा लाभ झाला, त्यांत मेक्सिकन बहुसंख्य. १९८७ साली एचआयव्ही हा प्रवेश नाकारण्याजोग्या रोगांच्या यादीत घातला गेला आणि वर्षअखेरीपासून या अर्जदारांचीही रक्ततपासणी सक्तीची झाली. १९९३ साली काँग्रेसने ही बंदी कायद्यातच लिहिली. तेव्हा आरोग्य खात्याचा माणूस दारात येऊन म्हणे, तपासणी करून घ्या, तुमच्याच हिताची आहे. आणि देशांतर खात्याचा नियम म्हणे, तपासणीत दोष निघाला तर येथे राहता येणार नाही. सूट मागण्याची तरतूद होती, पण वकील करणे ज्याला परवडत नाही त्याला तरतूद असून नसल्यासारखी. त्यात १९९४ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी १८७ क्रमांकाचा प्रस्ताव मंजूर केला. बेकायदा रहिवाशांना सार्वजनिक आरोग्यसेवाही नाकारावी असे तो म्हणत होता. न्यायालयाने तो रोखला, तरी दवाखान्याच्या पायरीवरची भीती न्यायालयाच्या आदेशाने जात नाही. या बंदीमुळे १९९२ची आंतरराष्ट्रीय एड्स परिषद बोस्टनहून अ‍ॅमस्टरडॅमला न्यावी लागली. ४ जानेवारी २०१० रोजी ती उठली, म्हणजे बावीस वर्षांनी.

या बावीस वर्षांत वस्तीतल्या कार्यकर्तीचे, स्पॅनिशमध्ये जिला ‘प्रोमोतोरा’ म्हणतात तिचे, अर्धे काम आरोग्याचे आणि अर्धे कायद्याचे झाले. कोणत्या दवाखान्यात नाव न सांगता तपासणी होते, कोणत्या अर्जावर कोणता प्रश्न असतो, हे तिला पाठ असे. आपल्याकडच्या आशाताईंना रेशनकार्डापासून बँक खात्यापर्यंत सगळे विचारले जाते, त्याचेच हे रूप. २०२० साली, सरकारी मदत घेणाऱ्यांना कायम वास्तव्य नाकारण्याचा विस्तारित नियम लागू झाला तेव्हा हीच भीती परतली. एचआयव्हीच्या औषधांची मदत त्यात मोजली जात नाही, हे दारोदार समजावणे पुन्हा तिच्याच वाट्याला आले. नियम मार्च २०२१ मध्ये मागे घेतला गेला.

संसर्ग टाळणारी गोळी जुलै २०१२ मध्ये मान्य झाली, पण ती ज्यांना अधिक हवी त्यांच्यापर्यंत उशिरा गेली. रोगनियंत्रण केंद्राच्या अंदाजानुसार २०२२ साली देशातील नव्या संसर्गांपैकी सुमारे एक तृतीयांश लॅटिनो लोकांत झाले. लोकसंख्येत त्यांचा वाटा १९ टक्क्यांच्या आसपास आहे.

दरम्यान वस्त्यांचा नकाशाही बदलला. १९९० नंतर लॅटिनो मजूर मोठ्या संख्येने दक्षिणेकडील ग्रामीण भागांत गेले. तेथे न स्पॅनिश दवाखाना, न जुनी संस्था. नॉर्थ कॅरोलिनातील संशोधकांनी स्थानिक लॅटिनो मंडळींना बरोबर घेऊन पाहिले, तेव्हा लक्षात आले की हे तरुण मजूर एका ठिकाणी नियमित जमतात : फुटबॉलच्या मैदानावर. मग त्यांनी संघासंघांतून एकेका खेळाडूला शिकवून तयार केले. त्यांना ‘नावेगान्ते’, म्हणजे वाट दाखवणारे, असे नाव दिले. सुमारे दीड वर्ष या मुलांनी आपल्याच संघातील मित्रांना कंडोम दिले, प्रश्नांची उत्तरे दिली, दवाखान्याचा पत्ता सांगितला, कधी सोबत गेले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या संघांतील पुरुषांचा कंडोमचा वापर आणि तपासणी करून घेण्याचे प्रमाण, दोन्ही वाढलेले आढळले, आणि हा कार्यक्रमही पुढे रोगनियंत्रण केंद्राच्या सिद्ध कार्यक्रमांच्या यादीत गेला.